शाळेत जूनच्या, आईला रंगपंचमीच्या

पत्र थोडक्यात असं:

नाशिकच्या एक शिक्षिका लिहितात. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळले आहेत.) वय ५७, येत्या ३१ मे रोजी निवृत्ती. दाखल्यावर जन्मतारीख १ जून, पण आई नेहमी सांगायची, ‘तू रंगपंचमीची. चौकात रहाडीत धपाधप उड्या पडत होत्या आणि इकडे तू रडलीस.’ (रहाड म्हणजे जुन्या नाशकातला, रंगपंचमीला रंगीत पाण्यानं भरतात तो हौद.) जुनं पंचांग काढून त्यांनी पडताळलं. त्या वर्षीची रंगपंचमी मार्चमध्येच होती. शाळेतल्या एका तरुण सहकारी बाईंच्या बोटात त्यांनी फिकट निळ्या खड्याची अंगठी पाहिली. ‘हे अ‍ॅक्वामरीन, मार्चचं जन्मरत्न,’ असं कळलं आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. आजवर अंगावर आलेला प्रत्येक दागिना कुणी ना कुणी घातलेला. हा पहिला स्वतःच्या पैशाचा असेल. खर्च निवृत्तीच्या रकमेतून करायचा आणि सोन्यासाठी आईचं झिजलेलं वळं मोडायचं, असा बेत आहे.

घरी मतं वेगवेगळी. मुलगा म्हणतो, ‘खडा परत विकायला गेलं की कुणी विचारत नाही, पैसे एफडीत टाक.’ मोठ्या जाऊबाई म्हणतात, ‘निळा खडा शनीचा, तीन रात्री उशाशी घेऊन झोपल्याशिवाय बोटात घालू नये. शिवाय मार्च म्हणजे मीन रास, तुला पुष्कराज हवा.’ यजमान म्हणतात, ‘तुला हवं ते कर.’ सराफानं दोन खडे दाखवले, एक फिकट आणि महाग, दुसरा गडद आणि निम्म्याहून स्वस्त. ‘फिकट खडा तळहातावर घेतला तेव्हा डिसेंबरातल्या गंगापूर धरणाचं पाणी आठवलं. पण दाखल्यानुसार मी जूनची, म्हणजे मोती. मग माझं खरं जन्मरत्न कोणतं? अ‍ॅक्वामरीन मला लाभेल का? आणि या वयात शोभेल का?’

*

बाई,

तुम्हाला बाईच म्हणते. तीसेक वर्षं मुलं ज्या नावानं हाक मारतात ते निवृत्तीच्या कागदावर सही केली म्हणून सुटत नाही. माझ्या आईचं शेवटपर्यंत सुटलं नव्हतं.

तुमच्या पत्रात जाऊबाई बोलतात, मुलगा बोलतो, सराफ बोलतो, शाळेचा दाखलाही बोलतो. तुम्ही स्वतः बोलता ते एकाच वाक्यात, धरणाच्या पाण्याच्या. ते वाक्य बाजूला काढून ठेवते, त्याच्याकडे परत येऊ.

आधी तारखेचं. तुमच्या वयाच्या माणसांत एक जूनवाले इतके आहेत की त्या दिवशी कुणाकुणाला शुभेच्छा द्यायच्या हा प्रश्नच पडतो. शाळेत नाव घालायला आजोबा किंवा काका घेऊन गेले, तारीख कुणाला आठवेना, गुरुजींनी मुलाच्या डोक्यावरून हात फिरवून कान पकडता येतो का ते पाहिलं आणि वहीत १ जून लिहून टाकलं. त्या एका ओळीनं तुमचा वाढदिवस उन्हाळ्याच्या सुटीत ढकलला. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना वर्गात ‘हॅपी बर्थडे’ म्हणायला लावलंत, तुमच्या वाढदिवसाला मात्र वर्गच नसायचा. अर्थात त्या गुरुजींचे आभारही मानायला हवेत. खरी तारीख लागली असती तर तुम्ही ३१ मार्चलाच घरी बसला असता; दोन महिन्यांचा पगार त्यांनी पदरात टाकला.

आता ‘खरं जन्मरत्न कोणतं’ याचा हिशेब करून बघू. दाखला धरला तर जून, म्हणजे मोती. आईचं म्हणणं धरलं तर मार्च, म्हणजे अ‍ॅक्वामरीन. जाऊबाईंचं धरलं तर मीन, म्हणजे पुष्कराज. पण जाऊबाईंच्या हिशेबात एक घोटाळा आहे, आणि तो त्यांच्याच शास्त्रातला आहे. मार्चमध्ये मीन राशीत असतो तो सूर्य. आपल्याकडे पत्रिकेत जन्मरास धरतात ती चंद्राची. फाल्गुनी पौर्णिमेला चंद्र सिंह-कन्येच्या आसपास असतो, तिथून पाच तिथी पुढे गेलं की रंगपंचमीचा चंद्र तूळ किंवा वृश्चिकेत येतो. म्हणजे परंपरेनंच चालायचं तर तुमच्या वाट्याला शुक्राचा हिरा नाही तर मंगळाचं पोवळं येईल, पुष्कराज नाही. एकाच बाईच्या एकाच जन्माला चार-पाच रत्नं झाली! अख्खा डबा भरेल. हे जाऊबाईंना वाद म्हणून ऐकवू नका, पण पुढच्या वेळी त्यांनी ‘मीन’ म्हटलं की चहा ओतता ओतता ‘चंद्र कुठे होता हो त्या दिवशी?’ एवढं विचारायला हरकत नाही.

मुळात महिन्याला एक रत्न ही पद्धत आपली नाही, आणि आजची यादी फार जुनीही नाही. ती १९१२ साली अमेरिकेतल्या जवाहिऱ्यांच्या संघटनेनं ठरवली. त्याआधी युरोपात मार्चचा खडा म्हणून बहुतेक याद्यांत ब्लडस्टोन असायचा, गडद हिरव्यावर लाल ठिपके असलेला. तो आजही मार्चच्या खात्यात आहे, पण दुकानाच्या काचेत मांडायला निळा खडा अधिक देखणा. यादीत पुढेही भर पडत गेली: २००२ साली डिसेंबरला टांझानाइट मिळाला, २०१६ साली ऑगस्टला स्पिनेल. ही यादी व्यापाऱ्यांनी, व्यापारासाठी केलेली आहे.

म्हणून ती खोटी ठरते का? मला तसं वाटत नाही. कोणतीही रीत कधीतरी कुणीतरी सुरू केलेलीच असते. यादीतून मिळतं काय, तर एका महिन्याला एक रंग. तुमच्या बाबतीत तो महिना असा आहे की त्याचा एकही कागद नाही, साक्षीदार एकच होती आणि तीही आता नाही. तुमच्या पत्रात आईचा उल्लेख सगळीकडे भूतकाळात आहे, म्हणून म्हणते. अशा महिन्याची काही खूण बोटात असावी असं वाटणं मला अगदी सरळ वाटतं.

‘लाभेल का’ या प्रश्नाला मी दोन भागांत उत्तर देते. ग्रहांचं मला कळत नाही आणि कळण्याचा आवही आणत नाही. पण ज्या भीतीपोटी तुम्ही विचारताय ती भीती नीलमची आहे, आणि हा खडा नीलम नाही. रंगाचं साम्य सोडलं तर दोघांचं नातं नाही. नीलम हा माणकाचा भाऊ, कुरुंद जातीचा. अ‍ॅक्वामरीन बेरिल जातीचं, म्हणजे पाचूची सख्खी बहीण. एकाच खनिजात क्रोमियम किंवा व्हॅनेडियम मिसळलं की हिरवा पाचू, लोखंडाचा अंश शिरला की निळसर अ‍ॅक्वामरीन. नवरत्नांत पाचू आहे, अ‍ॅक्वामरीन नाही. त्यामुळे शनीनं त्याच्यावर हक्क सांगावा असं त्या जुन्या नऊ जणांच्या यादीत काही नाही. आता बाजारात त्याला ‘नीलमचं उपरत्न’ म्हणून विकणारे भेटतील, पण ती विक्रीची सोय झाली. उशाशी घेऊन झोपायचं असेल तर झोपा, निदान हरवणार तरी नाही.

तुम्ही मराठी शिकवता की विज्ञान ते पत्रात नाही. पण ‘बेरिल’ या शब्दाची गोष्ट दोन्ही तासांना चालेल. हा शब्द ग्रीक-लॅटिनमधून इंग्रजीत गेला, आणि ग्रीकांनी तो उचलला आपल्याकडून: संस्कृत वैडूर्य, पाली-प्राकृतात वेळुरिय, तिकडे बेरिलोस. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी लिहून गेलाय की बेरिल भारतात होतात, इतरत्र क्वचितच, आणि त्यातला सर्वोत्तम तो, ज्याचा रंग समुद्राच्या पाण्यासारखा. तमिळनाडूत कांगेयमजवळ पडियूरला बेरिलची जुनी खाण होती, जवळच्या कोडुमणलला असे खडे घासून मणी करणाऱ्यांची वस्ती उत्खननात सापडली आहे, आणि त्या सगळ्या कोइमतूर पट्ट्यात रोमन नाणी निघतात. पुढे वैडूर्य हे नाव लसण्याला चिकटलं आणि मूळ खडा आपल्याकडे बिननावाचा राहिला. आता तो ‘अ‍ॅक्वामरीन’ हे परदेशी नाव लावून परत आलाय. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ समुद्राचं पाणी. अजून एक: जर्मनमध्ये चष्म्याला ‘ब्रिले’ म्हणतात, तेही याच बेरिलवरून, कारण सुरुवातीची भिंगं अशा पारदर्शक खड्यांची घासायचे. तुमच्या नाकावरच्या चष्म्याचं आणि बोटातल्या खड्याचं असं दूरचं नातं निघतं.

आता सराफाकडच्या त्या दोन खड्यांकडे येऊ, कारण पैसे जायचे तर तिथेच जातील.

चांगलं अ‍ॅक्वामरीन बहुधा फिकटच असतं. गडद निळं मिळतं, पण ते दुर्मीळ, म्हणून महाग. दुकानात फिकट खडा महाग आणि गडद खडा निम्म्या किमतीत असेल, तर गडद खडा बहुतेक अ‍ॅक्वामरीन नसणारच. तो ब्लू टोपाझ असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. ‘स्काय ब्लू’, ‘स्विस ब्लू’, ‘लंडन ब्लू’ ही सगळी टोपाझची नावं. रंगहीन टोपाझवर किरणांचा मारा करून आणि मग तापवून तो निळा करतात. टोपाझ वाईट नाही, काठिण्यात उलट थोडा वरचढच आहे, पण त्याला टोपाझ म्हणून टोपाझच्या भावात घ्यावं. याशिवाय कृत्रिम स्पिनेल आणि साधी काचही या नावानं खपते.

मी स्वतः फसलेली आहे. एका थंड हवेच्या ठिकाणी, संध्याकाळच्या गर्दीत, एका टपरीवजा दुकानातून फार सुंदर निळं लोलक घेतलं होतं. घरी आल्यावर भाच्यानं भिंग लावलं तर आत बारीक गोल बुडबुडे, सोड्याच्या बाटलीत असतात तसे. बुडबुडे म्हणजे काच. ते लोलक अजून आहे, आमच्या देवघराच्या दिव्याला टांगलेलं. तिथे ते छान दिसतं.

फिकट खडा पुन्हा हातात घ्याल तेव्हा एक करून बघा. दुकानातल्या प्रखर दिव्यांखालून उठा आणि दारात, उजेडात या. खडा चिमटीत धरून सावकाश फिरवा. अ‍ॅक्वामरीनची एक खोड आहे: एका दिशेनं बघितलं तर ते निळं दिसतं, दुसऱ्या दिशेनं जवळजवळ पाण्यासारखं रंगहीन. पैलू पाडणारा कारागीर निळी बाजू वर येईल अशा बेतानं कापतो. खडा फिकट असेल तर हा फरक साध्या डोळ्यांना पुसटच दिसतो, म्हणून तो दिसला नाही तर लगेच खडा खोटा ठरवू नका. आतून तो स्वच्छ असायला हवा. पाचूत रेघा, जाळी, ‘बाग’ असते आणि ती आपण चालवून घेतो. अ‍ॅक्वामरीनमध्ये नुसत्या डोळ्यांना काही दिसत असेल तर किंमत कमी व्हायला हवी. हा खडा मोठा आणि तरी निर्मळ मिळतो हीच त्याची श्रीमंती. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात ब्राझीलच्या खाणीतलं एक आहे, १०,३६३ कॅरटचं, दोन किलोहून जड.

वजनाची एक गंमत लक्षात ठेवा. टोपाझ अ‍ॅक्वामरीनपेक्षा सव्वापटीहून जड असतो. म्हणजे काट्यावर दोघांचं वजन सारखं भरलं तर अ‍ॅक्वामरीन आकारानं मोठं दिसलं पाहिजे. भाव विचारताना रत्तीत विचारू नका, रत्तीचं माप दुकानागणिक हलतं. कॅरटमध्ये विचारा, खड्याचा कॅरट जगभर २०० मिलिग्रॅमचाच. सोन्याचा कॅरट वेगळा, तो शुद्धतेचा. हे तुम्हाला ठाऊक असेल, पण पावती वाचताना भले भले गोंधळतात.

आणि सगळ्यात कामाची गोष्ट: खडा आधी सुटा घ्या, अंगठी नंतर करा. कोंदणात बसलेल्या खड्याचं वजन करता येत नाही आणि तपासणीही अर्धवट होते. सुटा खडा मुंबईतल्या आयजीआयच्या रत्नपरीक्षेच्या प्रयोगशाळेत, नाहीतर जयपूरच्या आयआयजीजे-आरएलसीत (पूर्वीची जेम टेस्टिंग लॅबोरेटरी) पाठवून प्रमाणपत्र घेता येतं. सराफाला सरळ सांगा, ‘प्रमाणपत्रावर नैसर्गिक बेरिल, अ‍ॅक्वामरीन असं आलं तर पैसे देते.’ जो खरा माल विकतो तो यावर रागावत नाही. ‘अहो, पिढ्यानपिढ्यांची पेढी आहे, कागद कशाला’ असं उत्तर आलं तर चहा पिऊन उठा. ‘तापवलेला आहे का’ हेही विचारा. हिरवट-पिवळसर झाक घालवायला हा खडा सुमारे ४०० अंशांवर तापवतात. रंग कायम टिकतो, जगभर ते मान्य आहे, त्यात फसवणूक नाही. विचारायचं ते एवढ्याचसाठी, की सराफ उत्तर कसं देतो ते कळतं.

मुलाचं म्हणणं उडवून लावू नका. तो खोटं बोलत नाही. रंगीत खडा परत विकायला गेलात तर बहुतेक सराफ सोन्याचं वजन धरतात आणि खडा काढून तुमच्या हातात देतात. पण तो एका चुकीच्या वर्गात बसून गणित सोडवतोय. तुम्ही गुंतवणूक करायची म्हणून अंगठी घेत नाही, हे तुम्ही त्याला कधी स्पष्ट सांगितलंत का? पत्रावरून वाटतं, नाही. तुम्ही ‘जन्मरत्न आहे, लाभतं म्हणे’ असं सांगितलं असणार, कारण आपल्या पिढीला स्वतःसाठी काही घ्यायचं तर आधी त्याचा उपयोग सांगावा लागतो. मिक्सर घेतला तर घरासाठी, साडी घेतली तर लग्नासाठी, खडा घेतला तर ग्रहासाठी. उपयोग सांगितला की समोरचा तो तपासणारच. ‘मला आवडला, माझ्या आईनं सांगितलेल्या महिन्याचा आहे, इतके रुपये बाजूला काढलेत’ असं सांगून बघा. यावर एफडीचा व्याजदर सांगणं त्यालाही जड जाईल.

त्याचा एक मुद्दा मात्र मी पूर्ण मान्य करते. निवृत्तीच्या रकमेला हात लावू नका. ते पैसे कधी उशिरा येतात, कधी तुकड्यांनी येतात, आणि आले की घरातल्या प्रत्येकाची त्यावर काही ना काही योजना असते. त्या रकमेतून अंगठी घेतलीत तर वर्षानुवर्षं ‘आईनं त्यातून अंगठी केली’ हे वाक्य ऐकावं लागेल. पगार चालू आहे तोवर, येत्या महिन्यांत त्यातून जमेल तेवढाच खडा बघा. चार कॅरटचा न परवडला तर दोनचा. बोट तेच राहणार. खडा आत्ता घ्या, अंगठी मेअखेर घडवा. मधल्या काळात तो डबीत राहील, कधीमधी उघडून बघता येईल.

पावती नीट करून घ्या. त्यात सोन्याचं निव्वळ वजन खड्याचं वजन वजा करून, खड्याचे कॅरट आणि भाव, घडणावळ, आणि कर अशी चार वेगवेगळी खाती हवीत. खड्यासकट काट्यावर टाकून सगळ्याला सोन्याचा भाव लावणं ही जुनी चलाखी आहे, आणि ती अजून मेलेली नाही. अंगठीच्या आतल्या बाजूला हॉलमार्क बघा: बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, शुद्धतेचा आकडा, आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर घालून तिथल्या तिथे पडताळता येतो. खड्याच्या अंगठीला २२ कॅरटचा, म्हणजे ९१६चा, हट्ट धरू नका. ते सोनं मऊ, कोंदण सैल होतं. १८ कॅरट, म्हणजे ७५०, खडा घट्ट धरून ठेवतं.

आता ज्यावर मला ठाम बोलायचंय ते. आईचं वळं मोडू नका. झिजलेलं वळं भट्टीत गेलं की घट धरून दोनअडीच ग्रॅम सोनं हाती येईल, तेवढ्यानं अंगठीच्या खर्चात काय मोठा फरक पडणार आहे? ते वळं ज्या बोटावर झिजलं त्याच बोटानं तुमची जन्मतिथी मोजून ठेवली होती. दाखला गुरुजींनी केला, पंचांग छापखान्यानं छापलं, रंगपंचमीची गोष्ट मात्र त्या एकाच बाईनं सांभाळली. नवा खडा तिच्या सांगण्यावरून घेताय आणि त्यासाठी तिचीच खूण वितळवताय, हे तुम्हाला पुढे कधीतरी रात्री टोचेल. वळं दुसऱ्या हातात घाला. पातळ झालंय म्हणून भीती वाटत असेल तर साखळीत ओवून गळ्यात ठेवा.

‘या वयात शोभेल का’ याला फार जागा देत नाही. इंग्लंडच्या दुसऱ्या एलिझाबेथला राज्याभिषेकानिमित्त १९५३ साली ब्राझीलनं अ‍ॅक्वामरीनचा हार आणि कानातली दिली होती; त्यात भर पडत गेली आणि ती जोड त्यांनी पुढे कित्येक दशकं वापरली. पण राणीचं सोडा. मला तुमच्या हातांची काळजी आहे. खडूनं कोरडे पडलेले, पोळ्या लाटणारे हात. काठिण्याच्या मापात हा खडा दहापैकी साडेसात ते आठ, म्हणजे रोजच्या धुळीनं ओरखडणार नाही, पण कडेवर टोला बसला तर टवका उडू शकतो. म्हणून उंच नखांवर उभी केलेली अंगठी नको. खडा चहूबाजूंनी पट्टीत बसवलेला, बोटाला टेकून राहणारा करून घ्या. लांबट चौकोनी, पायऱ्यांसारखे पैलू असलेला काप या खड्याला शोभतो, कारण आतलं पाणी त्यात सरळ दिसतं. कणीक मळताना काढून ठेवा. महिन्या-दोन महिन्यांनी कोमट साबणाच्या पाण्यात मऊ ब्रशनं मागची बाजू घासा, साबण आणि तेल तिथेच साचतं आणि खडा आंधळा होतो. बस, एवढीच देखभाल.

आता बाजूला काढून ठेवलेलं ते वाक्य. हा खडा जुन्या काळी युरोपात खलाशांचा ताईत होता असं सांगतात. आपल्या नाशकात कुठला समुद्र? आपल्याकडच्या काळ्या पाषाणात तो सापडतही नाही; ग्रॅनाइटच्या कुळातल्या, सावकाश थिजलेल्या खडकांत त्याचे स्फटिक वाढतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात मुलांना घेऊन गेला असालच. आपल्या सह्याद्रीच्या खडकांच्या पोकळ्यांतली झिओलाइट नावाची खनिजं तिथे आहेत, पांढरी, गुलाबी, हिरवट, आणि तीही काही कमी नाहीत. पण तुम्हाला खडा बघून आठवलं ते धरण. धुक्यात, पाणी स्थिर असताना, कडेला हिरवट आणि मध्ये निळं. कुठल्याही यादीत न लिहिलेला हा अर्थ तुम्ही दुकानात उभ्या उभ्या लावलात. मुलाला, जाऊबाईंना सांगायला दुसरं कारण शोधत बसू नका, हेच सांगा. यजमानांना तर नक्की सांगा. ‘तुला हवं ते कर’ हे वाक्य पुष्कळदा ‘मला काही कळत नाही’ याचं भाषांतर असतं. त्यांना सराफ बाजारात सोबत न्या आणि दारातल्या उजेडात खडा चिमटीत धरायला लावा.

फक्त रंगपंचमीच्या दिवशी सराफ बाजाराकडे फिरकू नका. त्या दिवशी जुन्या नाशकातून कोरडं कुणी परतत नाही. तुम्ही तिवंधा चौकात रहाडीपाशी जाऊन उभ्या राहा, वाढदिवस म्हणून. अंगठी झाली की पुढच्या रंगपंचमीला ती घरीच ठेवा. पिवळा रंग कोंदणात शिरला तर दुसऱ्या दिवशी टूथब्रश घेऊन बसावं लागेल.